आत बघणारे कुत्रे

माझ्या खोलीला एकच खिडकी आहे. तिच्या फळीवर चिनीमातीचे दोन कुत्रे बसवलेत. पांढरे, वीतभर उंचीचे, कान तांबडे, गळ्यात सोनेरी साखळी रंगवलेली. मसिरा बेटावर मोटर दुरुस्तीला घेऊन येणारे कोळी ते बघून हसतात. साठी उलटलेला मिस्त्री आणि खिडकीत खेळणी. हसू देत.

या कुत्र्यांची तोंडं आत असावीत की बाहेर, यावरून मी माझ्या बायकोचं घर रिकामं केलं. मीच केलं, दुसऱ्या कोणी नाही. मी सातवीपर्यंत शिकलोय, लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलं तर लोक मध्येच म्हणतात, मिस्त्री, झोप लागते ना तुम्हाला? म्हणून लिहितो.

मी कोकणातला, खाडीकाठचा. ओमानला आलो आणि पहिली बरीच वर्षं मस्कतजवळ गाला भागातल्या एका गॅरेजात डिझेल इंजिनं उघडली. ते गॅरेज बंद झालं तेव्हा मसिऱ्याच्या एका म्हाताऱ्या अर्बाबनं मला उचललं. अर्बाब म्हणजे मालक. त्याच्या दोन बोटी, मोटर दुरुस्तीची एक शेड, शेडमागं दोन खोल्या आणि त्यांना भिंत लावून त्याचं स्वतःचं घर. एका खोलीत मी. दुसरी रिकामी.

बेट म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला माड दिसतात. इथे तसलं काही नाही. दगड, वाळू, मोकाट गाढवं. समोरच्या किनाऱ्यावरच्या शन्ना धक्क्यावरून फेरीबोटीनं दीडेक तास, तोही समुद्रानं येऊ दिलं तर. मे महिन्यात वारा सुटतो तो सप्टेंबरपर्यंत. पत्र्यावर वाळू घासत राहते. पश्चिमेच्या अंगाला ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की बोटी चिखलात कुशीवर पडून राहतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर सकाळी गेलं तर ट्रॅक्टर फिरून गेल्यासारखे पट्टे दिसतात, पाण्यातून वर आणि परत पाण्यात. कासविणी अंडी घालून गेलेल्या असतात. मी इतकी वर्षं इथे आहे, अंडी घालताना एकही बघितली नाही. फक्त कोणीतरी येऊन गेलं एवढं कळतं.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. बेटावर वारा मोजायचा उंच खांब उभा करायला एक म्हातारा इंजिनियर आला. डेन्मार्क देशाचा. अर्बाबनं त्याला माझ्या शेजारची खोली दिली. त्याचा जनरेटर मी सांभाळायचा, असं ठरलं. त्याला माझं नाव उच्चारता येईना, मला त्याचं. तो मला 'मिस्टर मोटर' म्हणायचा. मी त्याला नुसतं 'साहेब'. त्याचं इंग्लिश धड नव्हतं, माझं तर बोर्ड वाचण्यापुरतं. तरी आमचं जमलं. संध्याकाळी काम खलास झालं की माझ्या दारात दोन डबे पालथे घालून आम्ही चहा प्यायचो.

जमलं ते सुक्या मासळीवरून. अर्बाबच्या गच्चीवर मुशी फाडून वाळत घातलेली असायची. बाकीचे साहेब लोक तिथून नाक धरून जातात. हा त्या मासळीखाली जाऊन उभा राहिला तो हलेना. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर म्हणाला, "घर."

त्याच्या गावीही चपटे मासे मीठ लावून वाळवतात आणि तव्यावर भाजून खातात. त्याचं गाव म्हणजे बेटच. मसिऱ्यापुढे एवढंसं. चाळीसेक माणसं. शाळा होती, ती एकच पोर उरलं तेव्हा बंद झाली. घरं गवतानं शाकारलेली, सगळी पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे वाऱ्याला अंगावर यायला अरुंद बाजू मिळते. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार. आणि गावाला जायचा रस्ता समुद्राच्या तळावरून. ओहोटीला पाणी हटलं की चिखलात वाट उघडी पडते, तिच्या कडेनं झाडाच्या फांद्या रोवलेल्या. ट्रॅक्टर त्या फांद्या बघत जातो. भरती आली की वाट बुडते, दिवसातून दोनदा.

"धुकं पडलं तर?" मी विचारलं.

"मग पुढची फांदी दिसेपर्यंत उभं राहायचं. दिसलीच नाही तर..." आणि त्यानं हात हळूहळू गुडघ्यापासून गळ्यापर्यंत वर नेला. मग हसला. त्याच्या आजोबांचा भाऊ तसाच गेला होता.

संध्याकाळी मैनांसारखे पक्षी इतके उठतात की सूर्य काळा होतो, असंही सांगायचा. मी म्हटलं, साहेब, एवढे पक्षी कुठे असतात? तर म्हणाला, "तू म्हणतोस तुमच्याकडे एक माणूस बाई होऊन नाचतो आणि सगळं गाव त्याच्या मागून फिरतं. ते मी मानलं ना?" मी त्याला आमच्या शिमग्यातली सोंगं सांगितली होती.

त्यावरून त्यानं तिकडची सोंगं सांगितली. त्याच्या आईचं माहेर दुसऱ्या एका लहान बेटावर. तिथे जानेवारीत एका संध्याकाळी लोक तोंडं झाकून, अंगात काहीबाही कोंबून घरोघर जातात. आत येऊन बसतात. बोलत नाहीत. घरच्यांनी प्यायला द्यायचं आणि हा कोण ते ओळखायचं. ओळखलं की तो तोंडावरचं काढतो, दोन शब्द बोलतो आणि उठून पुढच्या घरी जातो.

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर बसून राहतो."

"किती वेळ?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "एका वर्षी आजोळी सात बसले होते. सहा ओळखले. सातवा बसून राहिला. मी लहान होतो. शेवटी माझी आजी म्हणाली, मला माहीत आहे तू कोण ते. मग तो उठला आणि गेला. दुसऱ्या घरांकडे नाही. समुद्राकडे." मग म्हणाला, "आजी पुढे कित्येक वर्षं म्हणायची, बोलले नसते तर बरं झालं असतं."

कोण होता तो, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

खांब उभा राहिला, त्याचं काम संपलं. जायच्या सकाळी तो टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. हेच दोन कुत्रे. त्याच्या घरातले, पूर्वी खलाशी परदेशाहून आणायचे त्यातले. खिडकीत ठेवायचे असतात म्हणाला. त्याची बायको आदल्या वर्षी वारली होती. "माझ्या घरी आता यांना काम नाही. तुझी बायको घरी आहे. तुझ्याकडे यांना काम आहे." आणि बोटीच्या भोंग्यावर आवाज चढवून म्हणाला, "मॅन ॲट सी, डॉग लुक आऊट. लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं. लुक आऊट हे शब्द मला चांगले माहीत. गालाच्या गॅरेजात क्रेनच्या खाली पिवळ्या बोर्डावर तेच लिहिलेलं असायचं. लुक आऊट, म्हणजे सांभाळ, नजर ठेव. मला अर्थ लागला: नवरा समुद्रापार असला की कुत्र्यांनी बायकोची राखण करायची. आता राखण करायची तर बायकोकडे बघायला नको?

पुढच्याच महिन्यात मला सुट्टी होती. दोन वर्षांनी मिळणारी. परत निघायच्या दिवशी मी माझ्या हातानं कुत्रे माजघराच्या खिडकीत बसवले, तोंडं आत करून. बायको कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्ये भुकतत काय?"

"नाही. फक्त बघतात."

"मगे तुमच्यासारकेच," ती म्हणाली. तिचं आणि माझं बोलणं असंच. छत्तीस वर्षं झाली होती लग्नाला, त्यातली सोबत काढलेली मोजली तर पाच भरणार नाहीत. एक मुलगी, ती लग्न होऊन मुंबईला. घरात ही एकटी.

मी दर शुक्रवारी सकाळी फोन करायचो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कधी येतास?" मग मी म्हणायचो, आत्ताच तर आलो. मग ती म्हणायची, व्हय, आत्ताच, माका दिवस मोजूक येणत नाय ना. तिथून पुढे पाऊसपाणी. कुत्रे बसवल्यानंतरच्या फोनवर एवढंच जास्तीचं, की मेले सारखे बघतात, लुगडं बदलायची पंचायत.

तीनेक महिन्यांनी एका शुक्रवारी ती म्हणाली, "अवो, काल सकाळी तुमी पडवीत खोकलात."

"मी इथे खोकलो तर तुला तिथे कसं ऐकू येईल?"

"तोच खोकलो. तीनदा खोकतास आणि मगे घसो खाकरतास, तो."

"शेजारचा असेल."

"शेजारचो मुंबयक गेलो हा."

मी म्हटलं, म्हातारी झालीस. ती म्हणाली, तुमी काय तरणे झालास? विषय संपला.

पण संपला नाही. पुढच्या फोनला चपला. माझ्या जुन्या चपला दाराशी असायच्या, त्या सकाळी तोंड आत करून ठेवलेल्या दिसतात, म्हणजे घातलेला माणूस आत आला तशा. मग झोपाळ्याची कडी. मग एकदा अगदी सहज बोलून गेली, "मी दोन कप चाय करतंय आता."

"दुसरा कोण पितो?"

"पडवीत ठेवतंय. भांडी घासून येतंय तवसर रिकामो."

"मांजर पीत असेल."

"मांजर कप धुवन पालथो घालता?"

फोनमध्ये घर ऐकू येत होतं. कोंबडी ओरडली. मग झोपाळ्याच्या कडीसारखा आवाज आला, एकदा, दोनदा. मी म्हटलं, तू झोपाळ्यावर बसलीयस काय? ती म्हणाली, नाय, मी चुलीकडे आसंय.

तिला भीती वाटत नव्हती, हे लिहायला पाहिजे. आवाजात उलट ऊब होती. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, 'कधी येतास' हा प्रश्न ती विचारेनाशी झाली आहे. किती फोन झाले विचारून, आठवेना. फोनही लवकर ठेवायची. मी म्हटलं, घाई कसली आहे? तर म्हणाली, चाय थंड होता.

मला राग आला. कोणाचा, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या पडवीत बसलेल्याचा. तो मीच असेन तर मी इथे वाळू खात काय करतोय, असं वाटायचं.

दीड वर्षानं डेन्मार्कवाला परत आला, खांब उतरवायला. मुलीनं गणपतीला घरी गेली असताना काढलेला फोटो मोबाइलवर पाठवला होता, आई आणि मागं खिडकीत कुत्रे. तो मी त्याला कौतुकानं दाखवला. त्यानं चष्मा वर केला.

"हे उलटे आहेत, मिस्टर मोटर."

"उलटे कसे?"

त्यानं दोन कप घेतले आणि डब्यावर मांडून दाखवलं. नवरा दर्यावर, कुत्रे बाहेर बघतात, त्याची वाट. नवरा घरी आला, कुत्रे आत वळवायचे. वाटेनं जाणाऱ्याला खिडकी बघून कळतं, घरात पुरुष आहे की नाही. "तुझी खिडकी सांगते की तू घरी आहेस," तो म्हणाला आणि हसला.

मी हसलो नाही. मी त्याला सगळं सांगितलं. खोकला, चपला, पालथा कप. त्याचं हसू हळूहळू गेलं. बराच वेळ तो शेडच्या पत्र्यावर वाळू घासत होती ती ऐकत बसला. मग म्हणाला, "आहे तसं राहू दे."

"पण चूक आहे ना?"

"राहू दे. ती चहा देते. कोण म्हणून विचारायचं नाही, हे तिला कळतं. तू हात लावू नकोस."

आता मी पडलो मिस्त्री. आयुष्यभर उलटा बसवलेला वॉशर दिसला की इंजिन परत उघडलं. चालत असलं तरी उघडलं. त्या शुक्रवारी मी बायकोला सांगितलं, कुत्रे बाहेर वळव, माझी समजण्यात चूक झाली. कारण सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "चलता हा तसा चलू दे ना."

"चुकीचं ते चुकीचं."

"तुमका काय तरास होता त्याचो?"

"वळव म्हटलं ना." आवाज चढला माझा.

पुढच्या शुक्रवारी फोन लागताच तिचा पहिला प्रश्न, "कधी येतास?"

मी जिंकलो होतो. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मी विचारलं, खोकला येतो काय ऐकू? नाय. चपला? थयच आसत. चहा? "एकच कप करतंय. एक कप करूक कंटाळो येता."

त्यानंतर दहा आठवडे. शेवटच्या दोन फोनांत ती नीट बोललीच नाही. घर मोठं वाटतं म्हणाली. तीन खोल्यांचं घर ते. जुलैमध्ये एका मंगळवारी ती चुलीपाशी पडली. शेजारीण दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आली तेव्हा कळलं. मसिऱ्यावर वारा भरात होता, फेरीबोट दोन दिवस बंद. मी शेडमध्ये बसून राहिलो. कोणाचीतरी मोटर उघडून ठेवली होती, ती जोडली. पोचलो तेव्हा चौथा दिवस. सगळं मुलगी-जावयानं उरकलं होतं.

घरात शिरताना आधी खिडकी बघितली. एक कुत्रा बाहेर बघत होता. दुसरा आत.

मला वाटलं, झाडताना मुलीनं फिरवला असेल. मुलगी म्हणाली, बाबा, मी हात लावला नाही. शेजारीण म्हणाली, "तिनाच फिरवल्यान. रविवारी. माका म्हणाली, एक घोवाच्या सांगण्यावरना भायर बघूं दे, एक माझ्यासाठी आत बघूं दे." आणि पडवीत, माझ्या जागेवर, एक कप होता. चहा भरलेला. वर साय धरून काळा पडलेला. कोणी प्यायला नव्हता.

तेराव्यानंतर मी परत आलो. घरी बसून काय करणार होतो? कुत्रे तिच्या एका जुन्या पातळात गुंडाळून आणले आणि या खिडकीत ठेवले. दोघंही बाहेर. आता बाहेर गेलेली ती होती, घरात मी. रीतीप्रमाणे बरोबर होतं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी समुद्राकडे बघितलं. काही झालं नाही. डेन्मार्कवाल्याचा एक कागद आला होता, दोन ओळींचा, माझ्यासारखंच त्यालाही लिहिता येत नाही. मग तेही बंद झालं.

गेल्या मे महिन्यात वारा सुटला त्या आठवड्यात अर्बाब दारात येऊन उभा राहिला. शांत म्हातारा, रागावत नाही. आम्ही मोडक्या हिंदीतच बोलतो. खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "सदीक, ये कल्ब." सदीक म्हणजे दोस्त, कल्ब म्हणजे कुत्रा. नमाजाला जाणारे लोक बघतात. कुत्रा आणि मूर्ती असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत म्हणतात.

मी म्हटलं, "अर्बाब, मेरे पास फरिश्ता वैसे भी नहीं आता."

तो हसला. पण म्हणाला, "रास्ते को मत देखने दो." ठेव हवं तर, पण रस्त्याकडे तोंड नको.

म्हणून मी ते आत वळवले. अर्बाबच्या सांगण्यावरून, दुसरं काही मनात नव्हतं. तसं म्हणायला हरकत नाही.

पाच-सहा दिवसांनी सकाळी चहा ठेवत होतो, तर पाठीमागं नारळ खवल्याचा आवाज आला. माझ्याकडे विळी नाही. बेटावर कोणाकडे नसेल. वाळू घासते तसाच आवाज असतो तो, मला माहीत आहे. पण वाळू मध्ये थांबून करवंटी फिरवत नाही. बायको चारदा खवायची आणि थांबायची. हा आवाज चारदा येऊन थांबत होता.

मी वळून बघितलं नाही.

परवा अर्बाब शेडमध्ये आला. डबा ओढून बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "तुम्हारा मदाम आया? बोला नहीं मेरे को. दीवार से सुनता मैं, सुबह में काम करता वो." बायकोला आणलंस तर कागद दाखव, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, इन्शाल्ला, दाखवतो. तिला जाऊन तीन वर्षं होत आली, हे त्याला माहीत आहे. सुट्टीच्या कागदावर त्यानंच सही केली होती. कदाचित विसरला असेल. तो उठून गेला, जाताना खिडकीकडे बघितलं, पण कुत्र्यांबद्दल काही बोलला नाही.

मुलगी म्हणते, बाबा, आता पुरे झालं, इकडे या. मी म्हणतो, बघू.

सकाळी आता दोन कप करतो. एक पाठीमागं, पलंगाच्या कडेला ठेवतो. मोटरीचे हात धुऊन येईपर्यंत तो धुतलेला असतो, पालथा. आवाज चालू असतो तेव्हा जिभेवर तिचं नाव येतं. दातांपर्यंत येतं. एकदा 'ओळखलं गो' एवढं म्हटलं की ती तोंडावरचं काढेल, दोन शब्द बोलेल. मला ते दोन शब्द हवे आहेत. मला तिला विचारायचं आहे की मी वळव म्हटलं नसतं तर.

पण ओळखलं की उठून जातात. त्यामुळे मी भिंतीकडे तोंड करून बसतो आणि माझा चहा पितो. कोण आहे म्हणून विचारत नाही.